ऐतिहासिक कादंबरी आणि घरांतील गुपित

कै. हरि नारायण आपटे यांची 'वज्राघात' ही कादंबरी पुन्हां वाचण्याचा योग आम्हांस गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आला. पहिल्यानें ती वाचली तेव्हां आम्ही शाळेंत होतों, आणि त्या वयांत विजयनगरच्या दरबाराचा थाट, तालिकोटची धुमश्चक्री व रामराजाचा अंत एवढेंच काय तें मनावर ठसलें होतें. पन्नाशी उलटल्यावर तेंच पुस्तक हातीं घेतलें तों लढाई जणूं दूर सरली आणि जवळ आली ती एक स्त्री, जिनें आपल्या मुलाच्या जन्माची कथा वर्षानुवर्षें पोटांत ठेविली. वयाबरोबर पुस्तकें बदलतात असें म्हणतात. खरें पाहतां आपण त्यांत कोणाच्या शेजारीं जाऊन बसतों, तेवढें बदलतें.

ज्यांस कथानक आठवत नसेल त्यांच्यासाठीं तें थोडक्यांत असें. सत्ता व ऐश्वर्य हातीं येण्यापूर्वीं, तरुणपणीं, रामराजाचें मेहेरजान नांवाच्या एका मुसलमान युवतीवर प्रेम बसतें. पुढें राज्यलोभ जागा होतो आणि मेहेरजान मागें पडते. तिच्या पोटीं आलेला मुलगा विजापूरच्या आश्रयानें वाढतो, रणमस्तखान म्हणून नांवारूपास येतो, व आदिलशाहीचा वकील होऊन विजयनगरास येतो. बाप आणि मुलगा समोरासमोर येतात ते दोन राज्यांचे प्रतिनिधि म्हणून. अखेर तालिकोटच्या रणांत रामराजाचा घात होतो तो त्याच्याच रक्ताच्या हातून.

इतिहास असें कांहीं सांगत नाहीं. १५६५ च्या जानेवारींत विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडें व बेदर येथील शाह्या एकवटल्या, वयोवृद्ध रामराजा रणांत पकडला गेला, आणि हुसेन निजामशहाच्या हुकुमानें तेथल्या तेथें त्याचा शिरच्छेद झाला. ह्यामागें अनेक वर्षें चाललेलें एक राजकारण होतें. आज एका शाहीस हाताशीं धरून दुसरीस नमवावें, उद्यां दुसरीस धरून पहिलीचे किल्ले घ्यावे, हें रामराजाचें धोरण शेवटीं त्याच्यावरच उलटलें. हरिभाऊंस हें ठाऊक नसेल असें मानण्यास कांहींच आधार नाहीं. रॉबर्ट स्यूएल याचा विजयनगरावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९०० सालींच छापला गेला होता, आणि 'वज्राघात' ही हरिभाऊंच्या अखेरच्या कादंबऱ्यांपैकीं, म्हणजे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनीं लिहिलेली. तेव्हां इतिहासाची साधनें समोर असतांना त्यांनीं हा मेहेरजानचा धागा कां काढला, असा प्रश्न टीकाकारानें विचारलाच पाहिजे.

ह्या प्रश्नाचें नेहमीं दिलें जाणारें उत्तर असें कीं, वाचकांस रंजन हवें असतें आणि शृंगारावांचून रंजन होत नाहीं. हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. हरिभाऊ हे 'पण लक्षांत कोण घेतो?'चे लेखक होत. घराच्या चार भिंतींत काय दडपलें जातें, तें कोण सोसतें आणि त्याविषयीं तोंड उघडण्याची बंदी कोणास असते, हें त्यांच्याइतकें नीट जाणणारा लेखक त्या काळीं दुसरा नव्हता. तोच मनुष्य जेव्हां सोळाव्या शतकांतील रणांगणाकडे वळला, तेव्हां माजघराची आपली नजर त्यानें दाराबाहेर ठेविली नाहीं. मेहेरजान ही आम्हांस यमूची दूरची बहीण वाटते. दोघींच्याही जवळ एक सत्य आहे. एक तें लिहून ठेवते, दुसरी तें गिळते. गिळलेलें सत्य मुलाच्या हातांतील तरवारीच्या रूपानें बाहेर येतें, ही हरिभाऊंची कल्पना आहे, आणि ती लहान कल्पना नव्हे.

तथापि ह्याच ठिकाणीं कादंबरीचा दोषही आहे. लेखकानें गुपिताकडून इतिहासाचें काम करून घेतलें. एका पुरुषानें एका स्त्रीस टाकलें म्हणून एक साम्राज्य बुडालें, असा कार्यकारणभाव वाचकाच्या मनांत नकळत तयार होतो, आणि मग सरहद्दीवरील किल्ले, खंडणीचे तगादे, चार दरबारांचीं परस्परांतील वैरें व सोयरिकी हें सर्व नाटकाच्या मागच्या पडद्यासारखें होतें. तालिकोटच्या मैदानांत जे हजारों लोक पडले त्यांचा मेहेरजानशीं काय संबंध होता? कादंबरीकार त्यांस उत्तर देत नाहीं. आमच्या मतें घरांतील गुपितानें युद्धाचा उलगडा करणें हा ह्या प्रकारच्या कादंबरीचा सोपा मार्ग होय; युद्धानें घरांत कोणतें गुपित निर्माण केलें तें दाखविणें हा अवघड. आपल्याकडील बहुतेक लेखक सोप्या मार्गानें गेले, व त्यांपैकीं हरिभाऊ सर्वांत ऐटीनें गेले.

पेशवाईवरील लेखनांत हें अधिक स्पष्ट दिसतें. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणरावाचा खून झाला, आणि त्याविषयीं 'ध'चा 'मा' झाल्याची दंतकथा मराठी मुलास बाराखडीबरोबरच कळते. धरावें असें लिहिलेल्या कागदावर आनंदीबाईनें मारावें असें केलें, ही ती कथा. तींत एका मोठ्या गुन्ह्याचें ओझें एका बाईच्या लेखणीवर टाकून घरांतील व दरबारांतील सर्व पुरुष मोकळे होतात, हें तिच्या लोकप्रियतेचें एक कारण असावें. खाडिलकरांचें 'भाऊबंदकी' १९०९ सालीं आलें आणि त्यांतील रामशास्त्री व आनंदीबाई लोकांच्या मनांत कायमचीं बसलीं. नाटक म्हणून त्याचें सामर्थ्य निर्विवाद आहे. पण खुनाच्या रात्रीनंतर त्या घराण्याचें काय झालें हा विषय आम्हांस खुनापेक्षांही मोठा वाटतो.

वाचकांनीं थोडें थांबून तो क्रम डोळ्यांपुढें आणावा. गंगाबाई गरोदर, तिला पुरंदरावर नेलें जातें, १८ एप्रिल १७७४ रोजीं मुलगा होतो. चुलत्याच्या पक्षाकडून ह्या मुलाविषयीं नाना शंका उठविल्या जातात. म्हणजे जन्मतःच त्या मुलावर एका संशयाची सावली आहे, आणि तो संशय घरगुती राहत नाहीं. मार्च १७७५ मध्यें राघोबादादा सुरतेस इंग्रजांशीं तह करितो आणि त्यांतून जी लढाई पेटते ती १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत धुमसत राहते. एका पाळण्यांतील मुलाच्या हक्काचा प्रश्न, आणि त्यासाठीं वडगांवापासून गुजराथेपर्यंत माणसें मरतात. येथें घरांतलें वैर व बाहेरची लढाई यांची गांठ कादंबरीकारानें घातलेली नाहीं. ती इतिहासानेंच घातली आहे.

पण खरी गोष्ट पुढेंच आहे. सवाई माधवराव वाढला, आणि राघोबाचा मुलगा बाजीराव हाही वाढला. एक मारलेल्याचा मुलगा, दुसरा ज्याच्यावर त्या खुनाचा आळ त्याचा. एक शनिवारवाड्यांत नाना फडणिसांच्या नजरेखालीं, दुसरा शिवनेरीवर नजरकैदेंत. आणि ह्या दोघां तरुणांत चोरून पत्रव्यवहार सुरू झाला, अशी हकीकत ग्रँट डफनें दिली आहे. नानांना तो कळला, नाना संतापले, कैद अधिक कडक झाली. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून खालीं पडून मरण पावला. तो आत्मघात होता कीं तापाच्या भरांतील अपघात, ह्याविषयीं वाद आहे व तो राहील. त्या वेळीं त्याचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. पुढल्याच वर्षीं त्याच्या जागीं बसला तो बाजीरावच.

ह्या दोन मुलांनीं एकमेकांस पत्रें लिहावीं असें त्यांना कां वाटलें असेल? वडिलांच्या पिढीनें जी कथा त्यांना सांगितली होती तिच्याशीं हें जुळत नाहीं. माधवरावास लहानपणापासून हेंच ऐकविलें गेलें असणार कीं, ते तिकडले लोक आपल्या घराचे मारेकरी. आणि तरीही तो त्या मारेकऱ्याच्या मुलास लिहितो. एकाकीपणा, कुतूहल, कीं पालकाविरुद्ध एक कोंवळें बंड? हा मराठी इतिहासांतील आम्हांस ठाऊक असलेला सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग आहे, आणि आमच्या वाचनांत तरी त्याला साजेल असें मोठें कादंबरीमय रूप मिळालेलें नाहीं. 'ध'चा 'मा' करण्यास एक अक्षर पुरतें; ह्या पत्रांसाठीं दोन मनें रंगवावीं लागतात. आमचे लेखक अक्षराकडे धांवले.

भाऊच्या तोतयाची कथाही ह्याच जातीची. पानिपतावर १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडला, पण पार्वतीबाईनें तें कधींच मान्य केलें नाहीं. १७८३ मध्यें मृत्यु येईपर्यंत ती सौभाग्यवतीच्या वेषांत राहिली. मध्यंतरीं भाऊ म्हणविणारा एक इसम उत्तरेंत उभा राहिला, कैदेंत पडला, सुटला, १७७६ सालीं त्यानें कोंकणांत मोठी धामधूम केली व त्याच वर्षीं पुण्यास त्याला मारण्यांत आलें. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचें बंड' ह्या नाटकानें १९१३ सालीं तो विषय रंगभूमीवर आणला. तोतयाचें सोंग उघडें पाडणें हें न्यायसभेचें काम झालें. त्याला इतके लोक भाऊ म्हणावयास तयार कां झाले, हें साहित्याचें काम होतें. पानिपतानंतर महाराष्ट्रांत असें घर विरळा होतें कीं जेथें कोणाची तरी वाट पाहिली जात नव्हती. ज्याचें प्रेत कोणी पाहिलें नाहीं तो घरच्यांच्या लेखीं मेलेला नसतो. तोतया ह्या आशेवर जगला.

ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'विषयीं (१९७२) येथें विस्तारानें लिहीत नाहीं, कारण ती कादंबरी बहुतेकांनीं वाचलेली आहे. एकच मुद्दा सांगावयाचा आहे. मस्तानीचा मुलगा समशेरबहाद्दर पानिपतच्या लढाईंत जखमी होऊन मेला; त्याचा मुलगा अलीबहाद्दर बुंदेलखंडांत गेला व बांद्याची नबाबी त्या वंशाकडे आली; आणि १८५७ च्या उठावांत बांद्याचा नबाब इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. म्हणजे बाजीरावाचें रक्त जवळजवळ शंभर वर्षें ह्या देशाच्या लढायांत सांडत होतें, आणि पुण्याच्या घरांत मात्र त्याचा उच्चार दबक्या आवाजांत होत असे. ह्याला गुपित म्हणतां येईल काय? तें तर सर्वांस ठाऊक होतें. आम्हांस वाटतें कीं, येथें दोन वस्तूंत भेद केला पाहिजे. एक, जें कोणास ठाऊक नाहीं तें. दुसरें, जें सर्वांस ठाऊक आहे पण बोलावयाचें नाहीं असें ठरलेलें आहे तें. विलायती कादंबरींत पहिल्याचा सुकाळ असतो: हरवलेलें मृत्युपत्र, मरणशय्येवरील कबुली, अदलाबदल झालेलें मूल. थॅकरेचा हेन्री एस्मंड आपल्या हक्काचा पुरावा स्वतःच्या हातानें जाळतो, व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज वाचक त्याच्या औदार्यानें गहिंवरतो. आपल्या घरांत जाळण्याजोगे कागद फारसे नसतात. आपलीं गुपितें दुसऱ्या जातीचीं, तोंडांतल्या तोंडांत राहणारीं असतात.

येथें आमच्या गांवची एक हकीकत सांगण्याचा मोह आवरत नाहीं. 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' (१८३९) ह्या कादंबरीचा कर्ता मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरींतील इंग्रज अंमलदार. त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत त्यानें हिंगोलीच्या छावणींतील हरिसिंग नांवाच्या एका व्यापाऱ्याविषयीं लिहिलें आहे. हा हरिसिंग छावणींतील प्रतिष्ठित गृहस्थ. खुद्द टेलरनें इतरांप्रमाणें त्याच्याशीं देवघेव केलेली. त्यानें एकदां साहेबाकडून मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागून घेतला. तें कापड घेऊन दुसराच एक व्यापारी वाटेवर आहे हें त्याला ठाऊक होतें. त्या व्यापाऱ्यास, त्याच्या नोकरांस व गाडीवानांस त्यानें ठार केलें, तो माल त्याच परवान्यावर हिंगोलीस आणला आणि छावणींत राजरोस विकला. पकडला गेल्यावर त्यानें स्वतः कबूल केलें म्हणून हें उघडकीस आलें. आम्ही जुन्या छावणीच्या बाजूनें फिरावयास जातों तेव्हां कधीं कधीं मनांत येतें कीं, ज्यांनीं तें कापड विकत घेऊन अंगरखे शिवले त्यांना काय ठाऊक होतें?

टेलरच्या कादंबरींतील अमीर अली ह्याचीही गोष्ट अशीच. ज्या ठगानें त्याच्या आईबापांस मारलें त्यानेंच त्याला मुलगा म्हणून वाढविलें. अमीर अली मोठा होतो, ठग होतो, पेंढाऱ्यांच्या टोळींत लुटालुटीस जातो, आणि एके दिवशीं अजाणतां आपल्या सख्ख्या बहिणीचाच जीव घेतो. टेलरला मराठी कादंबरीच्या इतिहासांत जागा नाहीं, आणि त्याच्या लेखनांत साहेबी राज्याचें समर्थन जागोजाग आहे. तरीसुद्धां ज्याच्या घरांत आपण पोसलों तोच आपला नाश करणारा होता, ही भयंकर गोष्ट त्यानें आमच्या ह्याच मुलुखाच्या वाटांवर बसवून दाखविली, हें नाकारतां येणार नाहीं.

वॉल्टर स्कॉटनें 'वेव्हर्ली'च्या मुखपृष्ठावर ही गोष्ट साठ वर्षांपूर्वींची असल्याचें १८१४ सालीं नमूद केलें. तें अंतर त्यानें सहज घेतलें नसावें. साठ वर्षांत लढाईचा राग शमतो, पण ती पाहिलेलें एखादें माणूस ओसरीवर बसलेलें असतें. त्याहून कमी अंतर असेल तर भांडण होतें, जास्त असेल तर केवळ पुराणवस्तुसंशोधन. ह्या मापानें पाहिलें तर आम्हां मराठवाड्यांतील लोकांची वेळ येऊन गेल्यास आणखी कांहीं वर्षें लोटलीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. त्या वेळीं हिंगोली हा परभणी जिल्ह्यांतील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं.

त्या काळावर लेखन झालें नाहीं असें नाहीं. अनंत भालेरावांचें 'पेटलेले दिवस' आहे, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. सत्याग्रह, तुरुंग, सरहद्दीवरील कँप यांच्या हकीकती आहेत. आमच्या परभणीचे बी. रघुनाथ हे निजामी राजवटींत नोकरी संभाळून लिहीत होते आणि त्यांच्या १९४६ च्या एका कादंबरीचें नांवच 'म्हणे लढाई संपली' असें आहे. पण ते १९५३ सालीं वारले, आणि सप्टेंबर ४८ च्या मागचें-पुढचें सर्व पचवून लिहिण्यास त्यांना आयुष्य पुरलें नाहीं. आठवणींचीं पुस्तकें पुढाऱ्यांनीं व कार्यकर्त्यांनीं लिहिलीं, आणि तीं तशींच लिहिलीं जाणार. त्यांत काय घडलें तें असतें. पाटावर जेवायला बसल्यावर कशाविषयीं बोलावयाचें नाहीं असें त्या घरानें ठरविलें, तें नसतें.

आणि ठरविण्यासारखें पुष्कळ होतें. रझाकारांच्या जुलमानें गांवेंच्या गांवें उठून वऱ्हाडाच्या हद्दींत गेलीं, हें आम्ही सभांतून सांगतों. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत उलट दिशेनें काय झालें, हें सांगत नाहीं. त्याची चौकशी करण्यासाठीं पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांस भारत सरकारनें त्याच वर्षाच्या अखेरीस पाठविलें होतें. त्यांनीं मेलेल्यांची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान धरली, व अत्यंत पोळलेल्या जिल्ह्यांत नांदेड व त्या वेळचा उस्मानाबाद, आतांचा धाराशिव, यांची नांवें घातलीं. तो अहवाल दशकानुदशकें प्रसिद्ध झाला नाहीं; २०१३ च्या सुमारास तो दिल्लींत अभ्यासकांस पहावयास मिळूं लागला. सरकारनें कागद कपाटांत ठेवला ह्यावर आम्ही रागावतों. आमच्या घरांनीं तेंच केलें त्यावर कोणी रागावत नाहीं.

दोन वर्षांमागें आम्हीं द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांस सांगितलें कीं, घरच्या वडीलधाऱ्यांस त्या सप्टेंबरविषयीं विचारून पानभर लिहून आणा. वर्गांत चाळीस मुलें होतीं, पानें आलीं नऊ. औंढ्याकडील एका मुलानें लिहिलें होतें कीं, त्याच्या घरीं पाणी भरण्याचा एक तांब्याचा हंडा आहे. हंड्याच्या कांठावर नांव कोरलेलें आहे तें उर्दू लिपींत. घरांत उर्दू कोणास येत नाहीं. हंडा कोणाचा असें विचारलें तर आजी म्हणते, आपलाच. एका मुलीनें लिहिलें होतें कीं, तिच्या नानीचें माहेर जेमतेम चार कोसांवर आहे, पण त्या गांवीं त्यांच्या घरांतील कोणी कधींच जात नाहीं. वाटेवर तें गांव आलें तर नानी खिडकीकडून तोंड फिरविते. उरलेल्या सात पानांवर पाठ्यपुस्तकांतलें उतरलेलें होतें.

त्या हंड्यावर एक कादंबरी उभी राहूं शकेल. तो लुटींतला असेल. तो शेजाऱ्यानें जातांना विश्वासानें ठेवावयास दिलेला असेल, आणि शेजारी परत आला नसेल. पहिल्या प्रकारांत आजी चोर ठरते, दुसऱ्यांत विश्वस्त. आणि दोन्ही प्रकारांत ती रोज सकाळीं त्याच हंड्यांत पाणी भरते. सोप्या मार्गानें जाणारा लेखक शेवटच्या प्रकरणांत कोणाकडून तरी तें नांव वाचवून घेईल आणि दोन घराण्यांचें मीलन घडवून आणील. आमची अशा लेखकास विनंती आहे कीं, त्यानें प्रथम अमृता प्रीतम यांची 'पिंजर' ही १९५० ची लहानशी पंजाबी कादंबरी वाचावी. पूरोस रशीद पळवून नेतो, कारण पूर्वीं तिच्या घरच्यांनीं त्याच्या आत्यास पळविलें होतें. पूरो निसटून आईबापांच्या दाराशीं येते, आणि दार उघडत नाहीं. फाळणी पुढें येते, पण फाळणीनें जें केलें तें घरानें आधींच करून ठेविलेलें असतें. त्या पुस्तकांत युद्धाचा उलगडा एका घरावर लादलेला नाहीं, आणि घराला युद्धाचें निमित्त सांगून सोडूनही दिलेलें नाहीं. मराठींत हें तोलून धरणारी कादंबरी आम्हांस हवी आहे, आणि ती मराठवाड्यांत लिहिली जावी असें मनांतून वाटतें.

हें लिहितांना एक संकोच बाळगूनच लिहिलें पाहिजे. जिवंत माणसांच्या मौनावर कादंबरीकाराचा हक्क किती? आनंदीबाईच्या वतीनें भांडण्यास आज कोणी येत नाहीं. हंड्याची आजी मात्र जिवंत आहे, तिच्या सुना-नातवंडांस त्याच गांवांत राहावयाचें आहे, आणि ज्यांचें नांव त्या कांठावर आहे त्यांचे कोणी आप्त कदाचित् दोन गल्ल्या पलीकडे राहत असतील. आम्हीं तें पान त्या मुलास परत दिलें, त्यावर गुण घातले नाहींत, आणि तें वर्गांत वाचूनही दाखविलें नाहीं. हें सावधपण होतें कीं भित्रेपण, तें अजून ठरवितां आलेलें नाहीं.

आमच्या घरांतही विचारण्यासारखें एक माणूस उरलें आहे. आमच्या आत्या नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. ४८ सालीं त्या दहा वर्षांच्या होत्या. रझाकारांच्या दिवसांत आमचें कुटुंब उमरखेडास गेलें होतें. आजोबा, आजी, वडील आणि आत्या अशीं चौघें गेलीं व चौघें परत आलीं, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. आत्यांस वाचनाची आवड, पण आतां डोळे साथ देत नाहींत. म्हणून सुटींत रोज दुपारीं आम्ही त्यांना 'वज्राघात' वाचून दाखवीत होतों. पुस्तक संपलें त्या दिवशीं त्या तांदूळ निवडीत होत्या. दिसत नसलें तरी बोटांना खडा कळतो असें त्यांचें म्हणणें. आम्हीं सहज विचारलें, "आत्या, मेहेरजाननं पोराला आधीच सांगायला पाहिजे होतं, असं नाही वाटत तुम्हांला?"

"सांगून काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "बाप कळला असता, पण आईचं तोंड पाहिलं नसतं त्यानं."

आम्हीं पुस्तक मिटलें. सुपांतील तांदूळ त्यांनीं एकदां पाखडले, खडे बाजूला सारले, आणि कोणी कांहीं विचारलेलें नसतांना म्हणाल्या, "उमरखेडला आपण पाच जण गेलो होतो, बरं का."

आम्ही वाट पाहत बसलों. त्या पुढें कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हींही विचारलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्यांनीं नवें पुस्तक काढावयास सांगितलें.